पार्किंगचे नियम बदलले की शहर कसं बदलतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पार्किंग धोरणातली सुधारणा म्हणजे नेमकं काय?

तीन कामं, आणि ती एकमेकांना धरून करायची. नव्या इमारतीत अमुक इतकं पार्किंग बांधलंच पाहिजे ही अट काढायची. रस्त्याकडेच्या जागेला तिथल्या मागणीनुसार दर लावायचा. आणि त्या दरातून येणारा पैसा त्याच भागात दिसेल असा खर्च करायचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत अनेक वर्षं शिकवलेले दिवंगत प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी ही तीन कामं एकत्र मांडली, आणि आज जगभरात जे बदल होत आहेत त्यातले बहुतेक याच चौकटीत बसतात.

एकेक काम सुटं केलं की ते फसतं. फक्त अट काढली आणि बाहेर रस्ता फुकट ठेवला, तर गाड्या रस्त्यावर येतात आणि वर्षभरात लोक जुनी अट परत मागतात. फक्त दर लावला आणि पैसा महापालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीत गेला, तर लोकांना तो आणखी एक कर वाटतो. त्यांचं तरी काय चुकतं?

एक गाडी उभी करायला खरंच किती जागा लागते?

रेघांच्या आतली जागा साधारण २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब, म्हणजे १२.५ चौरस मीटर. पण गाडी तिथे पोचायला वाट लागते. काटकोनात लावायच्या गाड्यांसाठी मधली वाट सुमारे ६ मीटर धरतात. दोन्ही बाजूंना गाड्या आणि मध्ये वाट असा पट्टा १६ मीटर रुंद होतो आणि दर गाडीमागे २० चौरस मीटर जातात. त्यात उतार, खांब, जिने आणि प्रवेशद्वार मिळवले की आकडा २५ ते ३० चौरस मीटरवर येतो. एक छोटा फ्लॅट त्यात बसतो.

आता हेच नियमावलीच्या भाषेत बघा. अमेरिकेतल्या अनेक नियमावल्यांत उपाहारगृहाला दर हजार चौरस फुटांमागे सुमारे १० जागांची अट असायची. म्हणजे साधारण १०० चौरस मीटरच्या उपाहारगृहाला २५० ते ३०० चौरस मीटर डांबर लागणार. इमारतीपेक्षा तिचं पार्किंग जवळजवळ तिप्पट! अशा नियमाखाली चालण्याजोगी, दुकानाला दुकान लागून असलेली बाजारपेठ नव्याने उभीच राहू शकत नाही.

ही किमान पार्किंगची अट आली कुठून?

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहराने १९२३ मध्ये निवासी इमारतींसाठी अशी अट घातली. पार्किंग मीटर त्यानंतर आला, १९३५ मध्ये, ओक्लाहोमा सिटीत. मीटर बाजारपेठांपुरते राहिले, अट मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर सगळीकडे पसरली. शहरांना ती सोपी वाटली, कारण खर्च शहराच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. तो घराच्या किमतीत, दुकानाच्या भाड्यात आणि मालाच्या दरात विरघळून जातो.

आकडे बहुतेक वेळा शेजारच्या शहराकडून उचललेले असत. शेजारच्याने ते वाहतूक अभियंत्यांच्या हस्तपुस्तिकेतून घेतलेले. हस्तपुस्तिकेतले आकडे गर्दीच्या वेळी, पार्किंग फुकट असलेल्या, उपनगरी ठिकाणी मोजलेले, आणि नमुने इतके थोडे की त्यातून कसलाही नियम निघू नये. फुकट जागेची कमाल मागणी मोजायची, तिलाच किमान अट करायचं, मग जागा इतकी मुबलक होते की ती फुकटच राहते. पुढच्या मोजणीत मागणी आणखी मोठी दिसते. ह्यूस्टन शहर जमीनवापराची विभागणी न करण्यासाठी प्रसिद्ध आहे, पण पार्किंगची अट तिथेही होती.

या अटीमुळे इमारतीवर नेमका काय परिणाम होतो?

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून एक उदाहरण पूर्ण मांडतो.

१५ मीटर रुंद आणि ४० मीटर खोल असा मध्यम भूखंड घ्या. बाजूला आणि पुढेमागे मोकळी जागा सोडल्यावर तळमजल्यावर ११ मीटर रुंद आणि ३० मीटर लांब पट्टा उरतो असं धरा. दुहेरी रांगेला १६ मीटर लागतात, ते नाहीत. एकेरी रांगेला ५ अधिक ६, म्हणजे ११ मीटर लागतात, ते नेमके आहेत. ३० मीटरला २.५ ने भागलं तर कागदावर १२ गाड्या येतात. जिना, लिफ्ट, खांब, वीज मीटरची खोली आणि वळायची जागा वजा केली की ८ किंवा ९ उरतात.

दर घरामागे एक जागा अशी अट असेल तर या भूखंडावर ९ घरं. दीड जागेची अट असेल तर ६. चटई क्षेत्र (भूखंडावर एकूण किती बांधायला परवानगी आहे ते) १५ घरांचं मंजूर असलं तरी उपयोग नाही. इमारतीचा आकार पार्किंगच ठरवतं. त्यातून मालक एकच मार्ग काढतो: घरं थोडी आणि मोठी. लहान, परवडणारं घर बाजारातून गळतं, कारण गाडीची अट घराच्या आकाराकडे बघत नाही.

तळघर खणायचं म्हटलं तर ३ मीटर खाली जायला १:८ उताराचा रॅम्प २४ मीटर लांब होतो, शिवाय वर आणि खाली उतार हळूहळू सपाट करणारे तुकडे. ४० मीटरच्या भूखंडात त्यापुढे गाड्यांना फारसं काही उरत नाही. तळघराचा प्रत्येक पुढचा मजला आधीच्यापेक्षा महाग पडतो: खोदाई, बाजूच्या मातीला आधार, भूजल उपसणं, जलरोधन, धूर बाहेर टाकणारे पंखे. म्हणून अट कडक असलेल्या शहरात लहान भूखंड तसेच पडून राहतात, आणि चार-पाच भूखंड एकत्र करण्याची ऐपत असलेला मोठा विकासकच बांधकाम करू शकतो.

तळमजल्यावर गाड्या ठेवल्या की रस्त्याला लागून दुकान, दार, खिडकी काही राहत नाही. पायी जाणाऱ्याच्या बाजूला भिंत किंवा जाळी येते. आणि प्रत्येक इमारतीच्या फाटकासाठी पदपथ कापला जातो.

अट काढली की विकासक पार्किंग बांधायचं बंद करतात का?

नाही. ज्यांच्या ग्राहकांना हवं ते बांधतात, फक्त कमी. सिएटलने चांगली बससेवा असलेल्या भागात २०१२ च्या सुमारास अट काढली किंवा कमी केली. नंतरच्या अभ्यासात तिथल्या नव्या निवासी इमारतींत जुन्या नियमाने लागलं असतं त्यापेक्षा सुमारे ४० टक्के कमी पार्किंग बांधलेलं आढळलं. अमेरिकेतल्याच बफेलो शहराने २०१७ मध्ये संपूर्ण शहरातली अट रद्द केली. तिथल्या मोठ्या प्रकल्पांपैकी ४७ टक्क्यांनी जुन्या किमान आकड्यापेक्षा कमी जागा दिल्या. उरलेल्यांनी तेवढ्याच किंवा जास्त. दुकानं आणि घरं एकत्र असलेल्या प्रकल्पांत घट सगळ्यात मोठी होती, आणि ती अपेक्षितच आहे: दिवसा दुकानाची गाडी आणि रात्री रहिवाशाची गाडी एकच जागा वापरू शकते. जुना नियम हे मानायला तयार नव्हता.

मेक्सिको सिटीने २०१७ मध्ये, कॅनडातल्या एडमंटनने २०२० मध्ये आणि ऑस्टिनने २०२३ मध्ये शहरभराची अट काढली. न्यूझीलंडने २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने नागरी भागांतल्या स्थानिक संस्थांना फेब्रुवारी २०२२ पर्यंत ती काढायला लावली. कॅलिफोर्नियात २०२३ पासून मोठ्या वाहतूक थांब्याच्या अर्ध्या मैलाच्या आत शहरांना बहुतेक प्रकल्पांवर अशी अट लादता येत नाही.

किमान अट काढून कमाल मर्यादा घालावी का?

घालायची तर शहराच्या मध्यात आणि रेल्वे-मेट्रो स्थानकांजवळ. पण आधी किमान अट जाऊ द्या. लंडनने २००४ मध्ये किमान अटीच्या जागी कमाल मर्यादा आणली आणि नव्या घरांमागचं पार्किंग सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. अभ्यासकांनी हिशेब मांडला तेव्हा जवळजवळ सगळी घट किमान अट गेल्यामुळे झालेली निघाली; कमाल मर्यादेचा वाटा अगदी थोडा.

मर्यादा सैल ठेवली तर उलटाच धोका असतो. नियमावलीत आकडा दिसला की वास्तुविशारद, बँक आणि मंजुरी देणारा अधिकारी तिघेही तोच अपेक्षित आकडा समजतात. म्हणून मर्यादा घालायची असेल तर ती त्या भागात सध्या प्रत्यक्ष बांधलं जातं त्यापेक्षा खाली हवी. नाहीतर घालूच नका.

मग सगळ्या गाड्या आमच्या गल्लीत येणार नाहीत का?

येऊ शकतात, आणि ही भीती खोटी ठरवून उडवून लावू नये. रस्ता फुकट आणि बेवारस असेल तर त्या येतातच. यावर उपाय इमारतीत नाही, रस्त्यावरच आहे.

पहिला उपाय म्हणजे रहिवासी परवाना, पण मोजून दिलेला. ३०० वैध जागा असलेल्या विभागात ७०० परवाने वाटले तर परवान्याला अर्थ राहत नाही. आजच्या परवानाधारकांना हात लावू नका. नवे परवाने जागांच्या संख्येवर थांबवा आणि पुढच्यांची प्रतीक्षा यादी करा. कुटुंबातल्या दुसऱ्या गाडीला चढा दर लावा.

दुसरा उपाय जास्त परिणामकारक आहे. पार्किंगशिवाय किंवा कमी पार्किंग घेऊन बांधलेल्या नव्या इमारतीतल्या रहिवाशांना रस्त्याचा परवाना मिळणार नाही अशी अट मंजुरीच्या वेळीच घाला. लंडनमधल्या अनेक बरोंमध्ये (स्थानिक प्रशासनाच्या विभागांत) ही पद्धत रुळलेली आहे. ती करारात आणि खरेदीदाराच्या कागदपत्रांत ठळक लिहिलेली हवी. घर घेतल्यावर कळलं तर तक्रारी येतात आणि नगरसेवक अपवाद मंजूर करू लागतात. पहिल्या अपवादानंतर ती अट टिकत नाही.

रस्त्याकडेचा दर किती ठेवायचा?

नेहमी एखाददुसरी जागा रिकामी राहील इतकाच. ढोबळ लक्ष्य ८५ टक्के भरलेलं असं सांगतात. रस्त्याच्या वीस जागांच्या तुकड्यात त्याचा अर्थ तीन रिकाम्या, सात-आठ जागांच्या तुकड्यात एक. दर ठरवताना किती पैसे मिळतील हा प्रश्न बाजूला ठेवायचा.

सुरुवात मोजणीने होते. रस्त्याचे चौकापासून चौकापर्यंत तुकडे पाडा आणि दोन्ही बाजू वेगळ्या धरा. प्रत्येक तुकड्यात वैध जागा किती ते आधी मोजा. चौकाजवळचं मोकळं ठेवायचं अंतर, फाटकं, अग्निशमन नळ आणि बसथांबे वगळून. मग दोन साधे कामाचे दिवस आणि एक सुट्टीचा दिवस निवडा. सणासुदीचे, शाळेच्या सुट्टीचे आणि मुसळधार पावसाचे दिवस टाळा. दर तासाला एक फेरी, सकाळी ७ ते रात्री १०, आणि एक फेरी पहाटे ३ च्या सुमारास. ही शेवटची फेरी कंटाळवाणी म्हणून गाळली जाते, पण रहिवाशांच्या किती गाड्या खरोखर रस्त्यावर राहतात ते तिच्यातूनच कळतं. गाडी क्रमांकाचे शेवटचे चार अंक टिपले की गाडी किती वेळ उभी होती हेही निघतं. एका माणसाला तासाच्या फेरीत दोनशे-अडीचशे जागा झेपतात. दुहेरी लावलेल्या आणि पदपथावर चढवलेल्या गाड्याही मोजा, त्यामुळे काही तुकड्यांत आकडा शंभर टक्क्यांच्या वर जाईल. त्याच दिवशी आजूबाजूचे खासगी आणि सरकारी वाहनतळही मोजा. बाहेर जागेसाठी मारामारी आणि दोनशे मीटरवरचं तळघर अर्धं रिकामं, हे दृश्य वारंवार दिसतं.

सरासरीवर दर ठरवू नका. मुख्य रस्ता १०५ टक्के आणि मागची गल्ली ४० टक्के भरलेली असेल तर सरासरी ७० च्या आसपास येते आणि सगळं आलबेल वाटतं.

सॅन फ्रान्सिस्कोचा एसएफपार्क हा प्रयोग २०११ मध्ये सुरू झाला. मीटर असलेल्या सुमारे ७,००० जागा त्यात होत्या. दिवसाचे तीन भाग पाडले, प्रत्येक तुकड्याचा दर वेगळा ठेवला, आणि ६० ते ८० टक्के भरलेलं हे लक्ष्य धरलं. त्यावर गेलं तर तासाला २५ सेंट वाढ; रिकामं राहिलं तर २५ किंवा ५० सेंट घट. पाहणीत प्रयोगाच्या भागात जागा शोधायचा वेळ ४३ टक्क्यांनी कमी झाल्याचं नोंदवलं गेलं. मीटरचा सरासरी दर वाढला नाही, तो ४ टक्क्यांनी उतरला. दर खालीही येतो हे लोकांनी पाहिलं, आणि त्यामुळे विश्वास बसला.

बदल दोन-तीन महिन्यांतून एकदा, लहान टप्प्यांत, आणि मोजणीचे आकडे जाहीर करून करा. रोज बदलणारा दर कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि लक्षात न राहणाऱ्या दराने वागणं बदलत नाही.

दर नको, एक तासाची मर्यादा घातली तर?

मर्यादा पाळली जातेय हे तपासायला प्रत्येक गाडी दोनदा पाहावी लागते. दुकानातले कर्मचारी दर तासाला गाडी हलवून तिथेच राहतात. आणि ज्याला खरंच दीड तास लागतो, दवाखान्यात किंवा वकिलाकडे, त्याची अडचण होते. दर लावला की प्रत्येकजण आपली वेळ आपण ठरवतो. माल चढवण्या-उतरवण्याच्या जागांना मात्र १५ ते २० मिनिटांची मर्यादा हवीच. अशा जागा प्रत्येक तुकड्यात ठेवल्या नाहीत तर टेम्पो आणि पार्सलवाले दुसऱ्या रांगेत उभे राहतात आणि दराचा सगळा फायदा वाहतूककोंडीत वाया जातो.

दंड किती असावा?

रक्कम मोठी असण्यापेक्षा पकडलं जाण्याची खात्री जास्त काम करते. महिन्यातून एकदा भारी दंड बसला तर लोक त्याला नशीब समजतात. क्रमांक वाचणारे कॅमेरे लावलेली गाडी ॲमस्टरडॅमसारख्या शहरांत गस्त घालते. पायी फिरणाऱ्या पथकापेक्षा ती कितीतरी जास्त जागा तपासते.

दुकानदार विरोध करतात. त्यांना काय सांगायचं?

आधी मोजायचं, मग सांगायचं. बर्लिनमधल्या दोन बाजाररस्त्यांवर व्यापाऱ्यांना विचारलं तेव्हा त्यांच्या अंदाजाने सुमारे २२ टक्के ग्राहक मोटारीने येत होते. ग्राहकांना विचारल्यावर प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास निघालं. बाकीचे पायी, सायकलने आणि बस-रेल्वेने. अंदाज चुकतो कारण गाडीतला ग्राहक दारासमोर दिसतो आणि दुकानदार स्वतः बहुधा गाडीनेच येतो.

दुसरी मोजणी गाडी क्रमांकांची. दुकानासमोरची जागा सकाळी ९ पासून संध्याकाळपर्यंत एकाच गाडीने अडवलेली असेल तर ती ग्राहकाची नाही. बहुतेक बाजारांत ती मालकाची किंवा नोकराची निघते. हा कागद बैठकीत ठेवला की चर्चेचा सूर बदलतो.

गोळा झालेला पैसा कुठे जायला हवा?

जिथून आला तिथेच, आणि डोळ्यांना दिसेल असा. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाच्या जुन्या बाजारभागात १९९३ मध्ये मीटर लागले. व्यापाऱ्यांचा विरोध होता, पण सगळं उत्पन्न त्याच भागात खर्च होईल असं ठरल्यावर तो मावळला. पदपथ, दिवे, झाडं आणि मागच्या गल्ल्यांची सफाई त्या पैशातून झाली. मोडकळीला आलेला तो भाग पुन्हा गजबजला. मेक्सिको सिटीच्या मीटर योजनेत उत्पन्नाचा ३० टक्के वाटा त्या त्या वस्तीच्या सार्वजनिक कामांसाठी राखला गेला. पहिलं काम मीटर लागायच्या आधी किंवा त्याच महिन्यात सुरू करणं शहाणपणाचं आहे.

काय करू नये याचं उदाहरण शिकागोचं. २००८ मध्ये शहराने आपले मीटर सुमारे १.१५ अब्ज डॉलरला ७५ वर्षांच्या भाडेकरारावर दिले. शहराच्याच महानिरीक्षकांनी नंतर अहवाल दिला की किंमत जवळपास एक अब्ज डॉलरने कमी लावली गेली. पैशांपेक्षाही मोठं नुकसान वेगळं आहे: करारामुळे रस्त्याकडेची जागा काढून बस मार्गिका किंवा सायकल मार्ग करायचा झाला तर शहराला भरपाई द्यावी लागते. दर ठरवण्याचा आणि जागा काढण्याचा हक्क कुठल्याही कंत्राटात देऊ नका. वसुलीचं काम ठरावीक शुल्कावर बाहेर द्यायला हरकत नाही.

यात गरिबांवर बोजा पडत नाही का?

आजच पडतो आहे, फक्त दिसत नाही. ज्याच्याकडे गाडी नाही तोही घरभाड्यात आणि किराण्याच्या किमतीत दुसऱ्याच्या पार्किंगचा खर्च भरतो. अट काढली आणि जागा घरापासून वेगळी विकली किंवा भाड्याने दिली की हा भार त्याच्यावरून उतरतो. रस्त्याचा दर मात्र गाडीवर पोट असलेल्या अल्प उत्पन्नाच्या माणसाला लागतो. त्यासाठी उत्पन्नावर आधारित सवलतीचा परवाना द्या. सगळ्यांसाठी दर पाडला तर सवलतीचा मोठा वाटा गाड्या जास्त असलेल्या सुस्थित घरांकडेच जातो.

आमच्या शहरात बससेवाच चांगली नाही. आधी ती सुधारू नये का?

किमान अट काढायला बसची वाट पाहायची गरज नाही. ती काढल्याने असलेली एकही जागा कमी होत नाही. जिथे सगळे गाडीने फिरतात तिथे विकासक पार्किंग बांधतीलच. बफेलो आणि एडमंटन दोन्ही शहरं गाड्यांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहेत. उलट दर घरामागे दोन गाड्यांची जागा सोडत गेलं की घरं विरळ होतात आणि बसला प्रवासी मिळेनासे होतात. कमाल मर्यादेला आणि रस्त्याकडेच्या जागा मोठ्या संख्येने काढण्याला मात्र पर्यायी वाहतूक आधी हवी.

पार्किंग मिळालं म्हणून लोक गाडी घेतात की गाडी आहे म्हणून पार्किंग शोधतात?

दोन्ही, पण पहिल्याचा पुरावा मजबूत आहे. सॅन फ्रान्सिस्कोत परवडणारी घरं सोडतीने मिळतात, म्हणजे कोणाला कुठली इमारत मिळेल हे नशिबावर असतं. अभ्यासकांनी अशा रहिवाशांची पाहणी केली तेव्हा ज्या इमारतींत पार्किंग जास्त तिथे गाड्याही जास्त निघाल्या. पार्किंग कमी असलेल्या इमारतींतल्या लोकांच्या नोकरीवर मात्र त्याचा परिणाम दिसला नाही.

जपानने हा प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवला. १९६२ च्या कायद्याने गाडीची नोंदणी करताना ती ठेवायला रस्त्याबाहेर जागा असल्याचा दाखला लागतो, आणि जागा घरापासून २ किलोमीटरच्या आत हवी. पोलीस येऊन ती पाहतात. ओझं घर बांधणाऱ्यावरून गाडी घेणाऱ्यावर गेलं. टोकियोच्या अरुंद निवासी गल्ल्या मोकळ्या दिसतात त्याचं हे एक मोठं कारण.

अपंग व्यक्तींच्या जागांचं काय?

इथे एक चूक हमखास होते. अनेक नियमावल्यांत सुगम, म्हणजे अपंगांना वापरता येतील अशा, जागांची संख्या एकूण पार्किंगच्या टक्केवारीत असते. किमान अट शून्य झाली आणि विकासकाने शून्य जागा दिल्या, की टक्केवारीही शून्य. म्हणून अट काढण्याच्या त्याच दुरुस्तीत सुगम जागांची संख्या इमारतीच्या वापराशी, म्हणजे घरांच्या किंवा चौरस मीटरच्या आकड्याशी बांधा. जागा भूखंडात बसत नसेल तर प्रवेशद्वाराजवळ रस्त्यावर, सुमारे ३.६ मीटर रुंदीची आणि पदपथावर चढायला उतार असलेली जागा शहराने द्यावी.

मोठं बहुमजली वाहनतळ बांधलं तर प्रश्न सुटेल?

बाहेर रस्ता फुकट असेल तर ते रिकामं राहील. लोक दोन फेऱ्या जास्त मारतील पण वर चढणार नाहीत. आधी रस्त्याचा दर वाहनतळाच्या दरापेक्षा जास्त करा. त्यानंतरही सहा महिने आहे ते वाहनतळ भरलेलं राहिलं तरच नव्याचा विचार करा.

बांधायचंच ठरलं तर झुरिकचा नियम लक्षात घ्या. तिथे १९९६ च्या तडजोडीनुसार मध्यभागातल्या पार्किंगची संख्या १९९० च्या पातळीवर गोठवली गेली. जमिनीखाली नवी जागा झाली की रस्त्यावरची तेवढी काढायची. त्यातून चौक आणि पदपथ मोकळे झाले. इमारत करतानाही मजले सपाट ठेवा, उतार एका बाजूला वेगळा ठेवा आणि मजल्याची उंची ३ मीटरच्या वर घ्या. पुढे तिथे कार्यालयं किंवा घरं करता येतील. तिरक्या मजल्यांचं वाहनतळ मागणी घटली की पाडण्याशिवाय उपाय नसतो.

जुन्या इमारतींना याचा काही फायदा होतो का?

मोठा होतो. जुन्या इमारतीचा वापर बदलायचा तर नव्या वापराची पार्किंग अट लागू होते, आणि शंभर वर्षांच्या इमारतीत ती भागणं अशक्य असतं. लॉस एंजेलिसने १९९९ मध्ये मध्यभागातल्या जुन्या इमारतींचं घरांत रूपांतर करताना नवं पार्किंग मागणं थांबवलं. वर्षानुवर्षं रिकाम्या पडलेल्या बँका आणि कार्यालयांच्या इमारतींत हजारो घरं झाली. काही मालकांनी पार्किंग जवळच्या वाहनतळात भाड्याने घेतलं. जुन्या अटीत ते चाललं नसतं, कारण तिला जागा त्याच भूखंडात हवी होती.

तुमच्या नियमावलीत "त्याच भूखंडात" आणि "केवळ त्या इमारतीच्या वापरासाठी" असे शब्द असतील तर ते आजच काढायला सांगा. बाकी सुधारणा लांबली तरी रिकामी पडलेली तळघरं तेवढ्याने वापरात येतात.

कार्यालयांच्या पार्किंगसाठी वेगळं काही करता येतं?

दोन मार्ग आहेत. पार्किंगऐवजी रोख: कर्मचाऱ्याला फुकट जागा देता, तर ती नको असल्यास तेवढे पैसे द्या. कॅलिफोर्नियात १९९२ पासून काही कंपन्यांना हा कायदा लागू आहे. शूप यांनी अशा आठ ठिकाणी मोजलं तेव्हा एकट्याने गाडीने येणाऱ्यांचं प्रमाण ७६ वरून ६३ टक्क्यांवर आलं होतं. दुसरा मार्ग इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा. तिथे २०१२ पासून ११ किंवा जास्त जागा देणाऱ्या मालकांकडून दर जागेमागे वार्षिक शुल्क घेतात, आणि तो पैसा ट्रामच्या विस्ताराला गेला.

परिणाम किती दिवसांत दिसतात आणि काय मोजायचं?

रस्त्याच्या दराचा परिणाम काही आठवड्यांत दिसतो. किमान अट काढल्याचा परिणाम दिसायला पाच ते दहा वर्षं, कारण तो फक्त नव्या बांधकामात उतरतो. पहिल्या दोन वर्षांत "काहीच बदललं नाही" अशी टीका होईल. त्या काळात मंजूर झालेल्या नकाशांकडे बघा, तिथे बदल आधी उमटतो.

चार आकडे दरवर्षी प्रसिद्ध करा: मंजूर प्रकल्पांत दर घरामागे किती जागा आहेत आणि जुन्या नियमाने किती लागल्या असत्या, १५ मीटरपेक्षा अरुंद भूखंडांवर किती प्रकल्प आले, प्रत्येक रस्त्याच्या तुकड्यावर गर्दीच्या तासाला किती जागा भरलेल्या होत्या, आणि त्या विभागात किती पैसा गोळा झाला, कशावर खर्च झाला. सुधारणेच्या आदल्या वर्षाचे हेच आकडे हाताशी नसतील तर तुलना कशाशीच करता येणार नाही, म्हणून पहिली मोजणी ठराव मांडण्याच्या आधीच उरकून घ्या.